तिसऱ्या मजल्यावरचे जिन्याचे दार

पुरवणी जबाब
पोलीस स्टेशन, धुळे शहर

नाव : हेमांगी ज्ञानेश्वर बोरसे, वय २४ वर्षे, व्यवसाय शिक्षण (स्पर्धा परीक्षेची तयारी), मूळ राहणार तालुका चाळीसगाव, जिल्हा जळगाव, हल्ली राहणार देवपूर, धुळे, भाड्याच्या खोलीत.

मी आज स्वतःहून पोलीस स्टेशनला हजर झाले असून समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी दोन मैत्रिणींसह राहते. वडील शेती करतात. ते सोबत आले असून बाहेर बाकावर बसले आहेत. मी हा जबाब द्यावा अशी त्यांची इच्छा नव्हती. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

देवपूर भागातील सुखदा प्लाझा या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर श्री. रुपचंद चौधरी यांची अभ्यासिका आहे. मी तेथे दोन वर्षांपासून वाचनासाठी जात होते. तळमजल्यावर गाद्या व फोमचे दुकान आहे. मधले दोन मजले रिकामे आहेत. वर जाण्यायेण्यासाठी एकच जिना आहे. दुकानाचा जादा माल, म्हणजे फोमचे गुंडाळे, जिन्याखाली मीटरच्या पेट्यांजवळ ठेवलेला असे. तो येताजाता सर्वांना दिसत होता.

जिन्यातून अभ्यासिकेत शिरताना एक जाड, जड दार आहे. त्याच्या मध्यभागी काचेची उभी पट्टी आहे. दार जिन्याच्या बाजूला उघडते. आतून त्याला धरायला काही नाही, फक्त ढकलायची पत्र्याची चौकट आहे. मूठ बाहेरच्या बाजूला आहे. दारावर 'धूररोधक दार, कायम बंद ठेवावे' अशी लाल पट्टी चिकटवलेली होती.

विचारल्यावरून सांगते की, या दाराला आतून किंवा बाहेरून कडी, कोयंडा किंवा कुलूप नव्हते. हे मी खात्रीने सांगते, कारण गेल्या वर्षी अग्निशमनचे साहेब तपासणीला आले तेव्हा मी तेथे हजर होते. त्यांनी सफाई व चहापाणी पाहणाऱ्या कुंदाबाई कौतिक बागुल यांना दार पूर्ण उघडून सोडून द्यायला सांगितले. दार आपोआप मिटले. साहेब आम्हा मुलांना म्हणाले, "आगीत माणसं जळून मरण्याआधी धुरानं मरतात. जिना म्हणजे धुराचं धुराडं. हे दार मिटलेलं असलं तर धूर जिन्यातच राहतो." दाराच्या कडेची रबरी पट्टी, वरचा आपोआप दार ओढणारा लोखंडी हात, हे सर्व त्यांनी दाखवले. कुंदाबाईंनी विचारले की कुलूप का लावायचे नाही. साहेब म्हणाले, "मावशी, माणसाला कधीही ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे. अडवायचं ते धुराला, माणसाला नाही." कुंदाबाई मान हलवून चहा ठेवायला गेल्या.

तपासणी झाल्यानंतर काही आठवड्यांनी तो लोखंडी हात काढण्यात आला. दार मिटताना आवाज होतो अशी मुलांची तक्रार होती. शिवाय काउंटरवरून जिना दिसला पाहिजे, कोण येते कोण जाते कळले पाहिजे, असे रुपचंद शेठ म्हणत. तेव्हापासून दार दिवसभर सताड उघडे असे. बाहेरच्या भिंतीला टेकवून त्याला पाण्याचा भरलेला जार लावून ठेवत. उघडे राहून राहून बिजागऱ्या खाली बसल्या. दार कोणी मिटले तरी सोडताच ते पुन्हा जिन्याकडे उघडत असे. खालची रबरी पट्टी निघून गेली होती. कुंदाबाईंनी एकदा माझ्यासमोर शेठना सांगितले, "शेठ, त्या सायबांनी बंद ठेवायले लावेल व्हतं." शेठ म्हणाले, "तपासणी झाली आता. तू चहाचं बघ."

घटना मागील मंगळवारची आहे. दुपारी डबे खाऊन झाल्यावर आम्ही सतरा जण आत वाचत होतो. माझ्या शेजारी योगराज पंडित महाजन, राहणार तालुका मुक्ताईनगर, हा बसला होता. तो व मी सुरुवातीपासून शेजारी बसत होतो. आमच्या संबंधाविषयी याहून अधिक मला काही सांगायचे नाही.

अचानक वीज गेली. वीज नेहमीच जात असे व योगराज खाली जाऊन मीटरजवळचे बटन वर करून येत असे. त्या दिवशीही तो उठला. मला म्हणाला, "येतेस का खाली? चहा घेऊन येऊ." मी म्हणाले, "हा धडा संपवते, तू हो पुढे." तो गेला. धडा कोणता होता ते मला आता आठवत नाही.

त्यावेळी जिन्यात धूर नव्हता. योगराज गेल्यानंतर थोड्याच वेळात रबर जळाल्यासारखा वास आला. दाराबाहेर जिन्याच्या चौकात पाण्याचा नळ, चहाची शेगडी व बाथरूम आहे. कुंदाबाई तेथे भांडी घासत होत्या. त्यांनी जिन्यातून खाली वाकून "योगराजभाऊ, वर ये! वर ये रे भाऊ!" अशा हाका मारल्या. त्या मी स्वतः ऐकल्या. खालून उत्तर आले नाही. त्यानंतर जिन्यातून काळा धूर एकदम वर आला. धूर हळूहळू येतो असे मला वाटत होते. तसे झाले नाही.

कुंदाबाईंनी जार पायाने ढकलून पाडला. जार फुटून पाणी आत आले. त्यांनी दार बाहेरून लोटून मिटले. मी दारापासून चौथ्या टेबलावर होते. हितेंद्र नावाचा मुलगा पळत दाराकडे गेला व त्याने दार आतून जोरात ढकलले. दार वीतभर उघडले. त्या फटीतून इतका धूर आला की हितेंद्र तोंड धरून मागे पडला. दार बाहेरून पुन्हा मिटले गेले. दाराला कडी असती तर ते वीतभरसुद्धा उघडले नसते, असे माझे म्हणणे आहे.

मी दाराजवळ गेले. काचेतून कुंदाबाईंचे तोंड दिसत होते. त्यांनी पदर नाकाला धरला होता. त्या ओरडल्या, "पोरेस्वन, बाहेर निंघू नका! आठे बठ्ठा धूर शे. मांगे जा, खिडक्या उघाडा. दारना खाले वल्ला कपडा कोंबा." म्हणजे येथे सगळा धूर आहे, मागे जा, असे त्या सांगत होत्या. मी ओढणी सांडलेल्या पाण्यात भिजवून दाराखाली कोंबली. आणखी दोन मुलींनी आपल्या ओढण्या दिल्या.

एवढ्यात कुंदाबाई काचेसमोरून बाजूला झाल्या. दार थोडे उघडले व सारिका आत ढकलली गेली. सारिका ही माझी खोलीतली मैत्रीण असून ती चौकातल्या बाथरूममध्ये गेली होती. कुंदाबाईंनी बाथरूमचे दार बडवून तिला बाहेर काढले होते. सारिकाने त्यांचा हात धरून ठेवला होता. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पण या आत." कुंदाबाई म्हणाल्या, "मंग हाई दार कोन धरी?" त्यांनी हात सोडवून घेतला व दार मिटले. हे शब्द मी व सारिका दोघींनी ऐकले. सारिका सध्या अतिदक्षता विभागात असून तिच्या तोंडात नळी आहे. ती बोलू लागल्यावर तिलाही विचारावे अशी माझी विनंती आहे.

विचारल्यावरून सांगते की, आम्ही ते दार आतून धरू शकलो नसतो. आतून धरायला मूठच नव्हती. बाहेरून अंग टेकवूनच ते मिटलेले राहत होते.

कुंदाबाई पाठ लावून उभ्या राहिल्या. काचेतून त्यांचे हिरवे पातळ दिसत होते. नंतर काच काळी झाली. मुले मागच्या खिडक्यांकडे गेली. खिडक्यांवर बाहेरून अभ्यासिकेच्या जाहिरातीचा मोठा फ्लेक्स लावलेला होता. तो कंपास व किल्ल्यांनी फाडावा लागला. मी दाराजवळच होते. आत धूर होता, पण खाली बसल्यावर श्वास घेता येत होता. मी दारावर हात ठेवून "मावशी" अशी हाक मारली. त्यांनी पलीकडून दोनदा थाप मारली. खोकल्याचा आवाज येत होता. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा एकदा थाप आली. त्यानंतर मी किती हाका मारल्या ते सांगता येणार नाही. थाप आली नाही. दार मात्र उघडले नाही.

मुलांनी मला ओढून खिडकीशी नेले. अग्निशमन दलाच्या शिडीवरून आम्हाला उतरवण्यात आले. खाली आल्यावर मी जवानांना सांगितले की दारामागे एक बाई आहेत व खाली एक मुलगा गेला आहे. त्यांनी मान हलवली. मला ॲम्ब्युलन्समध्ये बसवण्यात आले.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा मी थोडक्यात जबाब दिला होता. त्यावेळी मला बोलता येत नव्हते. मी फक्त दार बंद होते एवढेच सांगितले. ते अपुरे होते म्हणून आज आले आहे.

दुसऱ्या दिवशी रुपचंद शेठ वॉर्डात आले. ते मुलांच्या आईवडिलांना म्हणाले, "बाई घाबरली. तिनं बाहेरून दार लावून घेतलं. पोरं कोंडली गेली. आता मेलेल्या बाईला काय बोलायचं." मी कॉटवरून हे ऐकले. मी उठून "शेठ, असं झालं नाही" असे म्हणाले. त्यांनी माझ्या वडिलांना बाजूला नेले. त्यांच्यात काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. वडील परत येऊन म्हणाले, "बाळ, आपण गावी जाऊ. आपल्याला यात पडायचं नाही." हितेंद्र पलीकडच्या कॉटवर होता. दाराला कडी होती असे त्याने सांगितल्याचे मला समजले. मी त्याला विचारले, "तू ढकललं तेव्हा दार उघडलं होतं ना?" तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तो मुद्दाम खोटे बोलला असे माझे म्हणणे नाही. त्याला खूप भीती वाटली होती. आम्हा सर्वांनाच वाटली होती.

योगराजचे वडील पंडितनाना मला वॉर्डात भेटायला आले. कुंदाबाईंनी त्यांच्या मुलावर दार बंद केले, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी मला विचारले, "पोरी, माह्या पोऱ्या परत दारापाशी आल्ता का?" मी नाही म्हणाले. आज येथे मला सांगण्यात आले की योगराज पहिल्या मजल्याच्या वळणावर सापडला, म्हणजे तो वरपर्यंत आलाच नव्हता. काच काळी झाल्यानंतरचे मी पाहिलेले नाही. पण दार मिटण्याआधी कुंदाबाईंनी त्याला हाका मारल्या होत्या व सारिकासाठी त्यांनी दार उघडले होते. तो वर आला असता तर त्याच्यासाठीही उघडले असते. जाताना पंडितनानांनी विचारले, "त्यानं जेवन केल्तं का?" मी हो म्हणाले. आम्ही एकाच डब्यातून जेवलो होतो.

डॉक्टरांनी घरी सोडल्यावर मी कुंदाबाईंच्या घरी गेले. त्यांना सुलक्षणा नावाची एकच मुलगी आहे. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वडील आधीच वारले आहेत. आईच्या अंत्यविधीला अभ्यासिकेतून कोणी आले नाही, असे तिने सांगितले. गल्लीतले लोक तिच्याशी बोलत नव्हते. तिने मला आत बसवले, पाणी दिले व विचारले, "ताई, आईनं खरंच तुम्हाला कोंडलं का?" मी तिला वर लिहिल्याप्रमाणे सर्व सांगितले. ती म्हणाली, "हे तुम्ही मला सांगितलं. लोकांना कोण सांगणार?" म्हणून मी आज येथे आले आहे.

जिन्यात ठेवलेला फोम, काढून टाकलेला लोखंडी हात, दिवसभर उघडे ठेवलेले दार व खिडक्यांवरचा फ्लेक्स, यांची चौकशी व्हावी. दाराची चौकट नीट पाहावी. तेथे कडी बसवल्याचे एकही भोक आढळणार नाही.

माझी कोणाविरुद्ध वैयक्तिक तक्रार नाही. कुंदाबाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांना मी मावशी म्हणत असे, ते सगळेच म्हणत.

वरील मजकूर हवालदार मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'कुंदाबाई यांनी बाहेरून दार लावून घेतले' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'कुंदाबाई यांनी बाहेरून दार धरून ठेवले' असे करण्यात आले व त्या खोडीवर मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

समक्ष
(सही) हेमांगी ज्ञानेश्वर बोरसे