न हलणारा कॅमेरा

मोबाइलची फुटलेली काच बदलून मिळेपर्यंत नम्रता दुकानातल्या बाकावर टेकली होती. काउंटरपाशी एक म्हातारं जोडपं प्रवासाला न्यायला स्वस्तातला व्हिडिओ कॅमेरा बघत होतं. आजोबांच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर समोरची भिंत थरथरत होती.

"हा नको हो भाऊ," आजी दुकानदाराला म्हणाली. "चित्र हलणार नाही असा दाखवा. काश्मीरला आम्ही शिकाऱ्यात बसणार. होडी हलते."

"अगो, मिरकरवाड्याच्या बंदरात जन्मभर होडीचं सुकाणू धरलं मी. मला होडीचं शिकवतेस?"

"गाडीपण हलते."

"आणि बर्फात उभे राहू तेव्हा? तिथे काय हलणार?"

"तिथे मी हसणार. हसले की मी अख्खी हलते, ठाऊक नाही तुम्हाला?"

दुकानदाराने दुसरा कॅमेरा पुढे केला. "काकी, हा हलणं सावरून घेतो. पण थोडा महाग पडेल."

"पडू दे. तिकडची शाल नको मला."

आजोबांनी थरथरणारा उजवा हात हळूच खिशात लपवला.

"हाच बांध बाबा," ते म्हणाले. "आमची ही फार हसते."