घड्याळवाल्यांच्या सर्व्हरवर

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी एका मोबाइलवर वाकून सोशल मीडियाचं खातं उघडत होत्या.

"मला त्या बागवाल्या बाईच्याच सर्व्हरवर घाल."

"ताई, खातं कुठेही उघडलं तरी चालतं. छंदाप्रमाणे सर्व्हर वेगवेगळे असले तरी एकमेकांशी जोडलेले असतात. भाऊजी घड्याळवाल्यांच्या सर्व्हरवर आहेत, तरी ती बागवाली त्यांना लिहितेच ना?"

"रोज लिहिते! आणि हे घरात तोंड उघडत नाहीत."

"नाव काय देऊ?"

"माझं नको. 'जुई' टाक."

"झालं. भाऊजींना फॉलोची विनंती पाठवली... अगं, लगेच स्वीकारली! लिहिलंय, 'नमस्कार जुई, आपलं स्वागत. आपल्याला कोणती घड्याळं आवडतात?'"

"आपल्याला?"

"हो."

"वीस वर्षांत मला काय आवडतं ते कधी विचारलं नाही. ही जुई समजते कोण स्वतःला?"