गाऱ्हाण्याचं शेवटचं पान

डिचोली-पणजी बसमध्ये गुरुदास मागच्या सीटवरच्या आजी-नातीचं बोलणं ऐकत होता. नात ज्या नव्या विधेयकाचा मसुदा वाचून दाखवत होती, त्याची प्रस्तावना त्यानेच लिहिली होती.

“आजये, ऐक. ‘ग्रामीण भगिनींचा सन्मान राखून, जनतेच्या सर्वांगीण हितासाठी...’”

“पुरे गो सेजल! देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा आधी देवाची स्तुती आणि मागणं शेवटी. शेवटचं पान वाच.”

“रस्त्यालगतची कुळागरं सरकार घेऊ शकेल म्हणे.”

“म्हणजे आपली सुपारीची बाग गेली! हरकत नोंदवायला आजचाच दिवस ना? लिही. ‘मंत्र्यांचा सन्मान राखून, सरकारच्या सर्वांगीण हितासाठी...’”

“पुढे?”

“दोन पानं अशीच स्तुती भर. शेवटी एकच ओळ घाल, कुळागर देणार नाही.”

गुरुदासने गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र हळूच खिशात सरकवलं.