स्मशानातलं शेड
आमच्या औशाच्या नगरसेवकाला, अण्णाला, पर्यावरणाची लई कळकळ बरं का. आम्ही चौघं मित्र बेवारस मयतांना अग्नी देतो. पावसात सरण पेटत न्हाई म्हणून स्मशानात पत्र्याचं शेड मागायला गेलो. अण्णा म्हणाले, "पत्रा कशाला? कडुलिंब लावा. श्रमदान बी होतंय, सावली बी."

लावले. डोक्यावर घागरी नेऊन जगवले.

पुढच्या पावसाळ्यात अण्णाचेच वडील वारले. पाऊस थांबंना. आम्ही चौघं मयतावर ताडपत्री धरून उभे. ओली लाकडं तीनदा विझली. अण्णा रडत म्हणाले, "इथं शेड न्हाई व्हय रे?"

मी गुडघ्याएवढ्या लिंबाकडं बघितलं. "वाढायलंय, अण्णा."