बाईंचं घरातलं गणित

लाव पैज वं, यातलं एक अक्षरही तुले खरं वाटणार नाही.

आमची कमली पाचवीत होती. तिच्या शाळेत नवीन बाई आल्या. त्या म्हणत, गणित पुस्तकात नाही, घरात आहे. आपापल्या आईचं वय विचारून या, त्याचीच गणितं करू.

मी कमलीले पंचवीस सांगितलं. माझा मोठा पोरगा तवा एकोणीसचा. कमलीनं भर वर्गात माझ्या वयातून भावाचं वय वजा केलं, तर मी सहाव्या वर्षीच आई झालेली निघाली. सारा वर्ग हसला. बाईंनी पाटीवर फुली मारली. कमली रडतच घरी आली, म्हणे, मी आता शाळेत जातच नाही.

असा संताप आला मले. गणिताले माझंच वय सापडलं का? तशीच शाळेत गेली.

"बाई, पोरीची वजाबाकी बरोबर आहे. फुली काहून मारली?"

"मग तुम्ही खरं वय सांगा ना."

"आमच्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवते? तुम्ही शिकलेल्या, तुमचं सांगा. पोरी त्याच्यावर करतील."

साऱ्या पोरी पेन्सिली घेऊन तयार. अन् बाईंले पाहुणे पाहून गेले होते, घरच्यांनी वय कमी सांगितलेलं, साऱ्या मोहल्ल्याले मालूम. पहिल्या बाकावरची पोरगी त्याच पाहुण्यांच्या घरची.

बाईंनी कमलीची फुली पुसली. म्हणाल्या, "उद्यापासून बादलीतलं पाणी मोजू."

अन् तू वं, बोटं काहून मोजून राहिली? माझं वय काढून राहिली का? चाल, निघ आता.