पाण्याचा पाइप जळाला त्याची गोष्ट

पाइप कधी जळतो का, असं विचारू नका. आमचा जळला! मुंबईत आरेच्या जंगलातल्या एका पाड्याच्या रस्त्याखालून नाल्याचं पाणी पलीकडे काढायला पाइप टाकायचा होता. मी म्हटलं, सिमेंटचा टाकू. आमचे साहेब म्हणाले, "प्लास्टिकचाच टाक. हलका असतो, गंजत नाही." अहो, सिमेंट तरी कुठे गंजतं!

जागा बघायला गेलो, तेव्हा पाड्यातल्या एक मावशी साहेबांना तोंडावर म्हणाल्या, "उन्हाळ्यात हितं गवत पेटतं. ह्यो पाइप राहायचा नाय." साहेब हसले. "मावशी, पाण्याचा पाइप आहे तो."

मे महिन्यात गवत पेटलं. पाइप मेणासारखा वितळला आणि वरचा रस्ता खचला. पाड्यात रिक्षा जाईना, आजारी माणसाला उचलून आणायची वेळ आली. आणि साहेब झापतात कुणाला? मला! "पाण्याच्या पाइपाला आग लागेल हे कुणाच्या डोक्यात येणार, सांग ना?"

माझं डोकंच सटकलं यार. म्हटलं, "मावशींच्या डोक्यात आलं होतं. मी तिथेच वहीत लिहून तुम्हाला दिलं होतं, रिपोर्टमध्ये असेलच." तावातावाने फाइल आणली आणि त्यांच्या टेबलावर आपटली.

साहेबांनी त्यांनीच टाइप करवलेला तो रिपोर्ट उघडला आणि शांतपणे वाचून दाखवला, "स्थानिक महिलेशी चर्चा झाली. त्यांची हरकत नाही."

खाली माझी सही. न वाचता ठोकलेली.