वीज कंपनीचे बाराशे चाळीस पेपर

...नाही, पण मला सांगा, केक बसला ह्यात माझा काय दोष? तो काय मला विचारून बसला? बायको घरी केक करून विकते, ऐन वेळी वीज गेली, ओव्हन थंड, केक बसला! इतकं सरळ आहे. पण बोट दाखवायला वीज कंपनीचा माणूस घरात नसतो ना, नवरा असतो! 'कधीची सांगतेय, दुसरी कंपनी बघा! महिनाअखेरपर्यंत बदलली नाही तर करार वाढून आणखी एक वर्ष हीच गळ्यात! मग गिऱ्हाइकांना तुम्ही तोंड द्या!' म्हटलं, बघतो. आपलं काय, आपण तटस्थ माणूस!

तुम्हाला सांगतो, जावयाला फोन केला तिथंच चुकलं. 'अहो बाबा, सोप्पंय! लोकांचे रिव्ह्यू वाचायचे, स्टार बघायचे, दोन मिनिटांचं काम!' दोन मिनिटांचं! अहो, तीस वर्षं पेपर तपासलेला मास्तर मी, मला कुणी लिहिलेलं नुसतं वाचता येतं का? सगळे रिव्ह्यू छापून आणले, कंपनीवार गठ्ठे बांधून प्रत्येकावर वेगळ्या रंगाची खूण केली, रोज नवे येतील त्यांची भर घातली, लाल पेन काढलं आणि बसलो. एकूण बाराशे चाळीस!

पहिलाच काय, तर 'अप्रतिम सेवा! अप्रतिम माणसं! अप्रतिम बिल!' बिल बघून कुणाच्या तोंडून हा शब्द निघतो हो? पुढचा उघडला, तोच मजकूर. त्याच्या पुढचा, तोच... सतरा जण! अख्ख्या रांगेची कॉपी! सगळ्यांना शून्य. दुसऱ्या गठ्ठ्यात एक गृहस्थ, एक स्टार आणि चार पानं निबंध, 'ह्यांच्या माणसाने मीटर बसवताना माझ्या कुत्र्याकडे तुच्छतेने पाहिले...' अरे, विषय काय, लिहितोयस काय! गुण कापले. कापले, पण राग नाही हं, आपण तटस्थ माणूस! आणखी एकानं पाच स्टार देऊन खाली लिहिलंय, 'अजून जोडणी मिळालेली नाही.' आता ह्याला काय म्हणायचं?

बायको मधूनमधून दारात. 'झालं का?' मी म्हणे, 'फेरतपासणी चालू आहे.' 'आज तारीख किती?' 'घाईत गुण देऊ नयेत.' सुरुवातीला चिडायची, मग बोलायचीच बंद झाली. आतून भाजल्याचा खमंग वास येतोय, केक खोक्यांत बसून रवाना होतायत, ही गुणगुणतेय... मी म्हटलं, बघा, तटस्थ माणसाच्या सहवासात राहून हिलाही शांतपणा आला!

आणि अठ्ठावीस तारखेला दुपारी, हिरव्या खुणेच्या कंपनीच्या गठ्ठ्यात... काय सांगू तुम्हाला! असा पेपर दहा वर्षांत एखादाच हाताला लागतो. ना अप्रतिम, ना कुत्रा! 'वीज जात नाही. फोन लगेच उचलतात. बिल वाचून कळतं.' वा! मुद्देसूद! पैकीच्या पैकी दिले हो, जन्मात कुणाला दिले नव्हते! समासात शेराही मारला, 'आदर्श उत्तर.' ठरलं, हीच कंपनी! आणि पान उलटलं, तर मागं आणखी मजकूर...

'आमचे हे अजून रिव्ह्यूच वाचतायत. तोवर मी केक किती बसू द्यायचे? म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच कंपनी बदलून टाकली. ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांचा वेळ बरा जातोय.'

तटस्थ माणूस झाला म्हणून काय झालं, वाईट वाटलं. खरंच वाटलं. तीन आठवडे ज्या दिव्याखाली बसून मी नवी कंपनी शोधत होतो, तो दिवा नव्या कंपनीचाच! तावातावानं उठलो, म्हटलं आज सोडत नाही, चार शब्द सुनावतोच! स्वयंपाकघरात गेलो, तर ही ओव्हनमधून केक काढतेय, असा टम्म फुगलेला... आणि मागं न बघताच विचारते, 'झालं का हो?'

म्हटलं, 'अजून दोन गठ्ठे राहिलेत.'